सोवळ्याची तार आणि एकोणचाळीस मिनिटं

‘अमरावतीहून आलेली यादी विश्वासार्ह न वाटल्याने बाद करण्यात आली आहे.’

मुंबईहून निघणाऱ्या बिनतारी संदेशांच्या, म्हणजे रेडिओच्या, एका मासिकात, स्पर्धेच्या निकालाच्या अगदी तळाशी, बारीक टाइपात हे वाक्य छापलं होतं. मूळ इंग्रजीत होतं. अमरावतीहून एकच यादी गेली होती आणि ती माझी होती. आता मी निवृत्त माणूस आहे, रक्तदाबाची गोळी घेतो, डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलं आहे. तरी हे वाक्य आठवलं की माझे कान तापतात. परवा नातीनं विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला कधी कुणी खोटारडं म्हटलं का?’ मी म्हटलं, ‘एकदा. छापून.’ म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आमचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. अकोल्याला मोर्णेच्या काठी वडिलांनी मक्त्यानं मळा घेतला होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. आई टोपली घेऊन बाजारात बसायची. वडिलांना अक्षरं जुळवून वाचता यायचं, आईला तेवढंही नाही. आमच्या घरातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शास्त्र शिकायचं तर आमच्यासारख्याला अमरावतीचं कॉलेज जवळचं. मी तिथं पोहोचलो ते किती जणांच्या उपकारांवर, हे सांगायला वेगळं पुस्तक लागेल. इथे फक्त दोघांचं सांगतो.

पहिले, अकोला स्टेशनवरचे तारमास्तर. ते आमच्याकडून भाजी घ्यायचे. भाजी पोचवायला मीच जायचो आणि तारघराच्या खिडकीशी उभा राहून ती टकटक ऐकायचो. एक दिवस ते म्हणाले, ‘कावून रे, कान देऊन ऐकून राहिला? समजते का तुले काही?’ मी नाही म्हटलं. ‘मग आत ये. भाजी ठेव आन् बस.’ दोन सुट्ट्यांत त्यांनी मला तारेची सगळी लिपी शिकवली.

दुसरे, कॉलेजातले आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पुण्याकडचे होते. मोजकं बोलायचे, आणि विद्यार्थ्यालाही ‘तुम्ही’ म्हणायचे. वर्गात माझं बोट बाकावर तारेच्या लिपीत वाजत असलेलं त्यांच्या लक्षात आलं. रागावतील असं वाटलं होतं. तास संपल्यावर त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून दोन व्हॉल्वचा एक मोडका बिनतारी सेट काढला. ‘घेऊन जा. दुरुस्त झाला तर तुमच्याकडेच राहू द्या.’ टपाल कचेरीतून परवानाही त्यांनीच काढून दिला.

सेट दीड महिन्यात बोलू लागला. तेव्हा मला कळलं की जगभर काही हौशी माणसं आपापल्या घरात लहानशी प्रक्षेपण यंत्रं बसवून तारेच्या लिपीत एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाला सरकारनं दिलेली अक्षरांची आणि आकड्यांची एक खूण असते, तिच्यावरून तो कुठल्या देशाचा ते कळतं. वर्षातून दोन दिवस, शनिवार-रविवार, त्यांची स्पर्धा असे: जास्तीत जास्त देशांशी कोण बोलतो. आणि ज्यांच्याकडे फक्त ऐकायचा सेट आहे अशा माझ्यासारख्यांसाठी वेगळा गट होता. तुम्ही ऐकायचं, कोण कोणाशी किती वाजता बोलला ते लिहायचं, यादी मुंबईला हौशींच्या संघाकडे पाठवायची. यादीवर एका प्रतिष्ठित गृहस्थाची सही हवी. प्राध्यापक म्हणाले, ‘मी करीन.’

आता अडचण एरियलची, म्हणजे आवाज पकडणाऱ्या उंच तारेची. मासिकात एरियलची चित्रं असायची. बंगल्याच्या आवारात दोन उंच खांब, मध्ये लांबच लांब तार, खाली हिरवळ आणि हिरवळीवर कुत्रा. माझी खोली घरमालकांच्या मागच्या अंगणात, पूर्वी सरपण ठेवायची ती. खाट टाकली की दार निम्मंच उघडायचं. सेट खाटेखाली ठेवून मी जमिनीवर बसायचो, पाय दाराबाहेर. छपराच्या आतून तार ताणून पाहिली, टिनाखाली काही ऐकू येईना. खाटेचे लोखंडी पाय जोडून पाहिले, तेव्हा फक्त सिलोन आलं, तेही पाटावरच्या मुंगीच्या पावलांसारखं. छपरावर बांबू उभा करू का म्हणून घरमालकांना विचारलं. ते तहसीलीतून पेन्शनीत निघालेले, स्वभावानं भित्रे.

‘वीज पडली तर?’ ते म्हणाले.

‘पावसाळा संपला, काका.’

‘मग लोक म्हणतील, याच्या घरात काँग्रेसचं काही चाललंय. पेन्शन माझी जाईल. तुमचं काय.’

अंगणात एक तार होती. ती माझ्या डोळ्यांसमोर रोज होती आणि तिच्याकडे पाहायचीही मला चोरी होती. घरमालकांच्या विधवा आत्या त्या घरात राहायच्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत, मीही. त्यांचं सोवळं कडक. सोवळ्याची लुगडी कुणाचा हात लागू नये म्हणून अंगणात पुरुष-दीड पुरुष उंचीवर, काठीनं वाळत घातली जायची. लोखंडाचा गंज लुगड्याला लागतो आणि तांबं शुद्ध, म्हणून ती तार तांब्याची होती. दोन्ही टोकांना ती लाकडी खांबांना काथ्याच्या दोरीनं बांधलेली. उंच, तांब्याची, जमिनीपासून सुटी, आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मासिकातल्या बंगलेवाल्यांकडे याहून काय वेगळं होतं? हिरवळ आणि कुत्रा.

मी माळ्याचा. त्या तारेला हात लावायचा नाही हे मला कुणी सांगितलंही नव्हतं, सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. या गोष्टीचाही मला तेव्हा राग यायचा आणि आजही येतो. पण भाड्यानं खोली देणारं दुसरं घर मी शोधून दमलो होतो. मी आत्याबाईंसमोर जाऊन, दूर उभा राहून, सरळ विचारलं.

‘त्या डब्यातून विलायतेतली माणसं बोलतात म्हणे?’ त्या म्हणाल्या.

‘हो. दोन दिवस तार जोडू द्या. मी हात लावणार नाही, काठीनं जोडीन.’

‘गोमांस खाणारी माणसं माझ्या तारेवरून येणार?’

इथे मी चूक केली. मी शास्त्राचा विद्यार्थी होतो आणि खरं सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, ‘आत्याबाई, ते आत्ताही तारेवरून जातच आहेत. मी जोडलं काय, न जोडलं काय. मी फक्त ऐकणार.’

त्या उठल्या, काठी घेतली, तारेवरची तिन्ही लुगडी उतरवली आणि पुन्हा धुवायला नेली. त्या दिवशी घरात सोवळ्याचा स्वयंपाक दुपार टळून गेल्यावर झाला. घरमालक माझ्या खोलीच्या निम्म्या दारातून डोकावून म्हणाले, ‘तुम्हाला शहाणपणा शिकवतात का तिकडे कॉलेजात?’

तीन दिवस आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अंगणातून हाक आली. ‘ए कॉलेजवाल्या. हे तारेवरून जाणं कधीपासून चाललंय?’

‘झाली बरीच वर्षं.’

‘आणि मला कुणी सांगितलं नाही.’ मग त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं देवाला चाललं, तर दोन दिवस आणखी चालेल. पण आंघोळ करून ये. आणि काठी माझी नाही घ्यायची, तुझी आण.’

बांबूच्या टोकाला मी तारेचा आकडा बसवला, आणि आकड्याला जोडलेली तार सेटपर्यंत आणली. ही तार अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातल्या जळक्या मोटरीतून उकललेली होती. ती जिथे भिंतीला टेकत होती तिथे सोड्याच्या फुटक्या बाटलीची मान अडकवली. मोरीचं पाणी जिथे मुरत असे त्या ओल्या जमिनीत पहार ठोकून सेटची दुसरी तार तिला बांधली. झालं माझं स्टेशन. सगळं मिळून दोन परातींएवढी जागा.

त्या दोन दिवसांच्या आनंदाबद्दल लिहायचं तर हात आखडतो. आनंदाचं वर्णन मला जमत नाही. पहाटे उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना दूरचे आवाज येत. माझ्या सेटची एक खोड होती. हात जवळ नेला की सूर सरकायचा, म्हणून मी चाक लाकडी पळीच्या लांब दांड्यानं फिरवायचो आणि श्वास धरून बसायचो. पहिल्या पहाटे ऑस्ट्रेलिया आलं. मग जावा. मग मलायातला एक जण जावावाल्याला पुन्हा पुन्हा हाक मारत होता आणि जावावाला दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. ‘अरे, तो मागून बोलावतो आहे ना!’ मी खाटेखाली तोंड घालून ओरडलो. संध्याकाळी दक्षिण आफ्रिका, इंग्लंडातले सात-आठ जण, आणि एकदा, अगदी थोडा वेळ, ब्राझील. कधीही वऱ्हाड न पाहिलेल्या माणसाच्या बोटाची सवय मला ओळखू येऊ लागली होती. एक जण प्रत्येक शब्दाच्या शेवटी अडखळायचा. मी त्याच्यासाठी थांबायचो.

शनिवारी दुपारी सगळे आवाज एकाएकी बसले. बाहेर पाहिलं तर घरमालकांच्या सुनेनं विसरून ओलं धोतर तारेवर टाकलं होतं. मी बोलण्याआधीच आत्याबाई ओट्यावरून कडाडल्या. ‘काढ ते! दोन दिवस ती तार त्याची आहे!’

यादीत प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची होती. नियमात लिहिलं होतं, ‘स्थानिक वेळ.’ मी घरमालकांच्या भिंतीवरचं घड्याळ दोन दिवस मागून आणलं होतं आणि शुक्रवारीच ते स्टेशनच्या घड्याळाशी लावून घेतलं होतं. आमच्याकडे वेळ म्हणजे रेल्वेची वेळ. जिनाचा भोंगा त्या वेळेवर, कॉलेजची घंटा त्या वेळेवर. दुसरी वेळ असते हेच मला माहीत नव्हतं.

प्राध्यापकांनी यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. एरियलचं वर्णन वाचताना ते किंचित हसले. मग खाली सही केली, पूर्ण नाव, पदवी, कॉलेजचा पत्ता.

आणि मग ते वाक्य आलं.

मासिकाचा तो अंक प्राध्यापकांकडेच येत असे. त्यांनी मला बोलावलं तेव्हा अंक टेबलावर उघडा होता आणि त्याच्या शेजारी माझी यादी. संघानं ती परत पाठवली होती. तिच्यावर लाल शाईच्या खुणा होत्या. जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे लिहिलेलं: ‘या वेळी हे केंद्र बंद होते.’ ‘या वेळी हे केंद्र दुसऱ्याशी बोलत होते.’ शेवटी परीक्षकानं लिहिलं होतं की नोंदी दुसऱ्या कुणाच्या यादीवरून उतरवून वेळा अंदाजानं घातलेल्या दिसतात, आणि सही करणाऱ्या प्राध्यापकांनी पुढच्या वेळी अधिक काळजी घ्यावी.

प्राध्यापकांनी यादी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, ‘तुम्ही ऐकलंत ना हे सगळं?’

परीक्षकाच्या लाल शाईपेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांना विचारावंसं वाटलं.

‘ऐकलं, सर.’

‘मग हे असं का?’

मी यादी घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत त्यांना, ‘काय, तुमचा माळी रेडिओत काय पेरतोय?’ असं सगळ्यांदेखत विचारलं होतं, हे मला शिपायानं सांगितलं. माझ्यामुळे. जो माणूस शब्द मोजून बोलतो, त्याच्या सहीला माझ्यामुळे कुणीतरी काळजी घ्यायला सांगितलं होतं.

मी त्या शनिवारी अकोल्याला गेलो. वडील वांग्यांना पाणी सोडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकलं.

‘खोटा म्हने तुले?’

‘हो.’

‘इंग्रजीत का मराठीत?’

‘इंग्रजीत.’

‘मंग आपल्या भावकीत कोनी वाचत नाई.’ ते पुन्हा वाफ्याकडे वळले. दोन वाफे झाल्यावर फावडं टेकवून म्हणाले, ‘पन त्या मास्तरची सही व्हती ना त्याच्यावर?’

‘होती.’

‘मंग घरी कायले आला? त्याइचं नाव खराब झालं तं तू इथं वांगे पाहून राहिला?’

यादी घेऊन मी तारमास्तरांकडे गेलो. ते चहा पीत होते. चष्मा लावून त्यांनी लाल शाईच्या नोंदी वाचल्या. मुंबईतल्या ज्यांनी तीच केंद्रं ऐकली होती त्यांच्या वेळाही परीक्षकानं समोर लिहिल्या होत्या. मास्तर ओठांतल्या ओठांत वजाबाकी करू लागले. एक केली, दुसरी केली, तिसरी केली, आणि कप खाली ठेवला.

‘पोट्ट्या, कोनतंबी घे. तुही वेळ त्याहिच्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं पुढं हाय. सगळीकडे एकोणचाळीस. एक मिनिट इकडं ना तिकडं.’

‘म्हणजे घड्याळ चुकलं?’

‘घड्याळ कायचं चुकते! मुंबईले गावाची वेळ येगळी हाय. गाडी आपल्या वेळेनं सुटते, गाव आपल्या वेळेनं उठते. मी व्हतो ना तिकडं सहा महिने. रोज गाडी हुकलेले लोक यायचे भांडाले.’

मी तिथेच बाकावर बसलो. मुंबई शहर रेल्वेच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटं मागे चालायचं, आणि परीक्षकानं माझी प्रत्येक वेळ मुंबईची वेळ धरून तपासली होती. मी सहा वाजून एकोणचाळीस मिनिटं लिहिलं होतं, तेव्हा त्यांच्या भिंतीवर सहा वाजलेले होते. जावावाला सहालाच बोलत होता. मीही तेव्हाच ऐकत होतो. दोघंही खरे होतो, आणि बाद मी एकटा झालो होतो.

आधी मला हसू आलं, आणि मग जो राग आला तो आजपर्यंत टिकला आहे. कारण त्याच निकालात कलकत्त्याच्या एका स्पर्धकाची यादी होती. कलकत्त्याचीही वेळ वेगळी. त्याच्या वेळा कुणीतरी बसून मुंबईच्या वेळेत बदलून घेतल्या होत्या, तशी टीपच छापली होती. कलकत्त्याला स्वतःची वेळ असते हे परीक्षकाला माहीत होतं. वऱ्हाडात कुठली वेळ चालते, हा प्रश्नच त्याच्या मनात आला नाही. आमचा कापूस मुंबईला जातो, म्हणून आम्ही मुंबईच्या मागच्या अंगणात राहतो असं त्याला वाटलं असावं. चाळीसेक नोंदी, सगळ्या सारख्याच फरकानं चुकलेल्या. अंदाजानं खोटं लिहिणारा माणूस चाळीस वेळा एकोणचाळीस मिनिटांनीच चुकेल? तो वेळा समोरासमोर मांडत होता, लाल शाई ओतत होता, आणि एक वजाबाकी त्याला करवली नाही. त्याहून सोपं म्हणजे एक पत्र टाकून विचारणं. खोटा म्हणणं त्याला विचारण्यापेक्षा सोपं गेलं.

सोमवारी मी प्राध्यापकांसमोर सगळ्या वजाबाक्या मांडल्या. त्यांनी स्वतः पहिल्या पाच करून पाहिल्या, मग पेन्सिल ठेवली. ‘मी तुम्हाला तो प्रश्न विचारायला नको होता,’ ते म्हणाले.

आम्ही संघाला पत्र पाठवलं. उत्तर आलं ते असं: वेळेबद्दलचा खुलासा समितीला ‘कदाचित’ मान्य होऊ शकेल. परंतु कपडे वाळत घालायच्या तारेवर ब्राझील ऐकल्याचं विधान समितीला मनोरंजक वाटलं. अशी तार खरोखर अस्तित्वात असल्याचं जागेच्या मालकानं पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावं.

मनोरंजक! मासिकातल्या हिरवळीवरचा कुत्रा त्यांना मनोरंजक वाटला नव्हता.

मी घरमालकांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

‘म्हणजे मी लिहून द्यायचं, की आमच्या घरच्या सोवळ्याच्या तारेवर तुम्ही विलायत ऐकलीत? हे छापून आलं तर? आमच्या घरी उद्या श्राद्धाला ब्राह्मण जेवायला येतील का?’

‘काका, तार आहे एवढंच लिहा. ती कशाची ते नका लिहू.’

‘यादीत तुम्हीच लिहिलंय ना, कपडे वाळवायची! नाही जमणार. वाटल्यास खोली सोडा.’

त्यांचं भय खरं होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की एक माणूस मला खोटा म्हणतो आणि दुसऱ्याला मी खरा आहे हे माहीत असून तो गप्प बसतो. मी आवाज चढवला. म्हणालो, ‘तुमचं सोवळं दोन ओळी लिहिल्यानं विटाळतं, आणि माझ्या प्राध्यापकांचं नाव मातीत गेलं तरी विटाळत नाही?’ असं मी वडीलधाऱ्या माणसाशी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो.

आतून आत्याबाई आल्या. ओट्याच्या कडेवर उभ्या राहून म्हणाल्या, ‘काय झालं रे? कोण कुणाला खोटं म्हणतंय?’

मी सांगितलं. मुंबईचा एक माणूस म्हणतो की अशी तार नाहीच.

‘कुठली तार?’

‘तुमची, आत्याबाई.’

‘माझी तार नाही म्हणतो तो?’ त्यांनी अंगणातल्या तारेकडे पाहिलं, जणू ती तिथे आहे याची खात्री करून घेत होत्या. ‘सव्वीस वर्षं मी या तारेवर लुगडी घालतेय. हे गेले तेव्हापासून. आणि तो तिकडे बसून म्हणतो नाही?’ मग पुतण्याला म्हणाल्या, ‘दऊत आण. लिही मी सांगते तसं.’

‘आत्या, अगं लोक काय म्हणतील...’

‘लोकांच्या तारेवरूनही जातंच आहे ते. त्यांना माहीत नाही एवढंच. लिही.’

घरमालकांनी मान खाली घालून लिहिलं. आत्याबाईंनी सांगितलेला मजकूर मला अजून पाठ आहे. ‘आमच्या अंगणात तांब्याची तार आहे. ती सोवळ्याची आहे. शनिवार-रविवार ती मी भाडेकरू विद्यार्थ्यास वापरण्यास दिली. त्यानं हात न लावता वापरली. तो खोटं बोलत नाही, खरंही फार बोलतो.’ शेवटचं वाक्य घरमालक लिहायला तयार नव्हते. ‘तेही लिही,’ त्या म्हणाल्या. पोथी वाचता येण्यापुरतं त्यांना शिकवलेलं होतं. खाली त्यांनी स्वतः सही केली, सुटी सुटी, मोठी अक्षरं, एकेका अक्षरावर थांबत.

प्राध्यापकांनी त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं. शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं नाही.

दोन महिन्यांनी अंकात एक ओळ आली. ‘अमरावतीची यादी पुन्हा ग्राह्य धरण्यात आली असून ऐकणाऱ्यांच्या गटात तिला तिसरे स्थान मिळते.’ एवढंच. चूक झाली असं नाही. कुणाची चूक झाली असंही नाही. जणू माझी यादी आजारी पडली होती आणि आपोआप बरी झाली.

प्राध्यापकांनी तो अंक शिक्षकांच्या खोलीत टेबलावर उघडा ठेवला आणि कुणालाही काही न बोलता तासाला निघून गेले, हेही मला शिपायानंच सांगितलं. दुपारी त्यांनी मला बोलावलं.

‘संघाला आभाराचं पत्र लिहायला हवं,’ ते म्हणाले. ‘रीत आहे.’

‘मी लिहिणार नाही, सर.’

‘मग काय लिहाल?’

मी रात्रीच लिहून ठेवलेलं पत्र खिशातून काढून दिलं. त्यात दोनच मागण्या होत्या. पुढच्या वर्षीपासून नियमात ‘स्थानिक वेळ’ असं न लिहिता कुठली वेळ ते स्पष्ट लिहावं, आणि एखादी यादी खोटी ठरवण्यापूर्वी ती पाठवणाऱ्याला एकदा विचारावं. बाकीचं दीड पान परीक्षकाबद्दल होतं.

त्यांनी ते शांतपणे वाचलं, पेन्सिल घेतली आणि विशेषणं खोडायला सुरुवात केली. ‘उद्धट’ गेलं. ‘आळशी’ गेलं. ‘मुंबईखेरीज जग न पाहिलेला’ हे सगळं एका रेघेत गेलं. दीड पानाचं अर्धं पान झालं. मी प्रत्येक रेघ मोजत होतो. ‘बेजबाबदार’ या शब्दावर पेन्सिल थांबली.

‘हा ठेवायचाच?’ त्यांनी विचारलं.

‘हो, सर.’

त्यांनी तो शब्द तसाच ठेवला. मग पेन्सिल बाजूला ठेवली, पेन उघडलं, आणि मला म्हणाले, ‘आधी तुम्ही सही करा. खाली मी करतो.’